मरीमाय आणि माझा विषय

अकोल्याच्या आमच्या घराला रस्त्याकडं उघडणाऱ्या दोन खिडक्या होत्या आणि नवरात्रात त्या दोन्ही बंद असत. वर टिनाचं छप्पर, अंगाची लाही करणारा उकाडा, आणि खिडक्या बंद. संध्याकाळी पलीकडच्या मोहल्ल्यात डफडं वाजायला लागलं की बाबा, पोस्टातून नुकतेच आलेले, शर्टसुद्धा न काढता रेडिओ लावत आणि आवाज होता तितका मोठा करत. बातम्या असोत, बाजारभाव असोत, त्यांना फरक पडत नसे. आम्ही बौद्ध. घरात देव नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली निळं कापड घातलेला टेबल होता, रविवारी सकाळी विहारात वंदना असे. दुसऱ्यांच्या देवाचा गोंगाट आपल्या घरात कशाला, इतकं ते मला सोपं वाटे. खिडक्यांबद्दल मी कधी विचारलं नाही.

आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते सरजा आत्यानं. ती बाबांची मोठी बहीण. नवरा वारल्यावर ती भावाकडं आली आणि मग इथलीच झाली. उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं, बोलणं कमी. तिच्या हातची ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढ्यावर माझं बालपण गेलं. डफडं वाजायला लागलं की भाकरी थापता थापता आत्याचा हात थांबे. रेडिओ कितीही ओरडो, तो आवाज जमिनीतून यायचा. आत्या दोन्ही तळवे फरशीवर घट्ट दाबून बसे, जशी काही फरशीच वर उठून येणार आहे. मी तिला चिकटून बसत असे, म्हणून मला कळायचं की ती थरथरते आहे. तापातली थरथर वेगळी. ही बारीक होती, रस्त्यानं जड ट्रक गेला की फळीवरची भांडी थरथरतात तशी.

"आत्या, थंडी वाजते काय?"

"हाव," ती म्हणे.

त्या उकाड्यात. मग डफडं थांबे, आत्या तव्यावरची भाकरी उलटवी, एका बाजूनं काळी झालेली ती भाकरी स्वतःच्या ताटात घेई, आणि आमच्यासाठी नवी थापायला लागे. बाबा रेडिओ बंद करत. आता इतक्या वर्षांनी वाटतं, आमच्या घरात देव नव्हते हे खरं, पण त्या वेळी त्या खोलीत आम्ही तिघंच होतो असं मला छातीठोक सांगता येणार नाही.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं ते अपघातानं, दुसऱ्या विषयाची जागा भरली होती म्हणून. एम.ए.ला अमरावतीला गेले ती मात्र हट्टानं. तिथं धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकायला होता. बाबांना मी वकील व्हायला हवी होते. ते चिडले नाहीत, पण चपला घालता घालता थांबून म्हणाले, "सुजाता, ज्याच्यातून आमी जीव घेऊन बाहेर निघालो, त्याच्यात तू डिग्री घेऊन राहिली?"

"मी मानायला नाई जात बाबा, समजून घ्यायला जातो."

"धर्म समजून घ्यायची गोष्ट नाई. धरायची असते, नाई तर सोडायची असते."

तरी सोमवारी पहाटे बडनेऱ्यापर्यंतच्या पॅसेंजरचं तिकीट त्यांनीच काढून आणलं. आत्यानं डब्यात रोडगे आणि वांग्याचं भरीत दिलं.

आमच्या विभागात पाटणकर मॅडम होत्या, पुण्याच्या. पहिल्याच तासाला त्यांनी मला नाव-गाव विचारलं आणि मी "मी अकोल्याहून येतो" म्हणाले तेव्हा त्या हसल्या. "येते, अगं, येते. तू मुलगी आहेस ना?" सगळा वर्ग हसला. आमच्याकडं बायाही "मी येतो, मी जातो"च म्हणतात, हे मी त्यांना पुढं कधीतरी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि पुन्हा मला सुधारलं नाही. त्यांच्यात हा गुण होता. त्यांचं शिकवणं असं की वर्गाबाहेर लिंबाच्या झाडावर पोपट ओरडत असत आणि कोणाचं लक्ष जात नसे. त्या म्हणायच्या, देव आहे की नाही हा प्रश्न आपण दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवायचा. माणूस देवाशी काय करतो, देव माणसाशी काय करतो, एवढंच पाहायचं. मला ते ऐकताना हलकं हलकं वाटायचं. घरात जे बोलायची चोरी होती, ते इथं फळ्यावर लिहिलेलं असे. 'अंगात येणे' हे शब्द त्यांनी खडूनं लिहिले त्या दिवशी मला आत्याचे फरशीवर दाबलेले तळवे दिसले. तो सगळा तास मी खाली मान घालून बसले. माझ्या प्रबंधाचा विषय त्या तासातच ठरला.

हिवाळ्याच्या सुरुवातीला घरी गेले. बाबा ड्युटीवर होते. दुपारी अंगणात बाजेवर आत्या तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला लागले आणि विचारलं, "आत्या, नवरात्रात तुले काय होते?"

ती बराच वेळ सोलतच राहिली. मग दाण्यांचं भगुनं बाजूला ठेवलं. मला वाटलं, उठून आत जाईल. ती उठली नाही.

"मी तुह्यापेक्षा लहान होतो तवा मरीमाय आली माह्या अंगात," ती म्हणाली. "गावात पटकीची साथ होती. बाप डफडं वाजवत होता. मी पाहात उभी होतो. मंग मले काही ठाव नाई. उठलो तं सगळं गाव माह्या पाया पडत होतं."

पुढं दर नवरात्रात आणि आखाडात ती येऊ लागली. लोक प्रश्न विचारत, आत्याच्या तोंडून ती उत्तरं देई. गावातल्या मोठ्या वाड्यांतल्या बायासुद्धा शिवेपर्यंत येत, खणा-नारळानं ओटी भरत, पायावर डोकं ठेवत.

"आन् दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी त्याच बाया आमाले विहिरीपासून हाकलत. मी तिथंच उभी, हातात घागर, आन् मले वरून पाणी ओतून देत. माह्या कपायावर त्याइनंच लावलेलं कुंकू तसंच." आत्या हसली. तिचं ते हसणं मला आजही नको वाटतं. "एका दिवसाची देवी होतो मी."

म्हणून तिच्या बापानं, माझ्या आजोबांनी, दीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा आत्या नको म्हणाली नाही. घरातला शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे मरीमायचा दगड, पूर्णा नदीत सोडायला बैलगाडीतून नेला, तो तिनंच मांडीवर धरला होता. पाण्यातही तिनंच सोडला. दीक्षेच्या प्रतिज्ञा तिला तेव्हाही तोंडपाठ होत्या, आणि त्या ती मनापासून म्हणत असे.

"मी सोडलं पोरी. मनापासून सोडलं. पण तिनं नाई सोडलं."

"म्हंजे?"

"येते. दार लावलं तरी येते. मी तिले सांगतो, बाई, आमी आता तुह्या नाई. ती काही मागत नाई, बोलत बी नाई. नुसती बसून राहते. आन् तुह्या बापाले वाटते, मी नुसती डफड्याच्या आवाजानं भेवून राहिलो."

अंगणात ऊन होतं, कोंबड्या शेंगांच्या सालीत टोची मारत होत्या.

आमच्या विभागाची सहल कार्तिकातल्या कौंडण्यपूरच्या यात्रेला जाणार होती. धर्म पाहायचा तर गर्दीत पाहा, असं मॅडमचं म्हणणं. मी आत्याला यायला विचारलं. घरी तिनं सांगितलं, पोरीची खोली पाहून येतो. बाबांनी हो म्हटलं. अमरावतीहून गाडी निघाली तेव्हा मॅडम आत्याच्या शेजारी बसल्या आणि वाटभर त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या गळ्यात टेपरेकॉर्डर होता, तो बंद.

वर्धा नदीच्या काठी बांगड्यांची, रेवड्यांची, पाळण्यांची दुकानं लागली होती. देवळापासून दूर, उतारावर एका मोकळ्या जागी घोळका जमला होता आणि तिथून डफडं ऐकू येत होतं. मी आत्याचं मनगट धरलं. ते थरथरत होतं. "परत जाऊ?" मी म्हणाले. ती म्हणाली, "सोड. मी हावो ना." आणि माझ्यापुढं चालायला लागली.

घोळक्याच्या मधोमध एक बाई घुमत होती. पन्नाशीची, शेतकऱ्याघरची असावी, केस सुटलेले, लुगड्याला माती, डोळे वर चढलेले. लोक वाकून प्रश्न विचारत होते, पोराच्या नोकरीचा, सुनेच्या बाळंतपणाचा, आणि ती घोगऱ्या आवाजात उत्तर देत होती. मॅडमनी टेपरेकॉर्डर चालू केला. मी काय लिहायचं ते ठरवून आले होते, पण माझे डोळे आत्यावर होते. आत्या ताठ उभी होती. तिची बोटं पदरात गुंडाळलेली होती आणि ओठ मिटलेले.

घुमता घुमता ती बाई आमच्या बाजूला आली आणि आत्यासमोर थांबली. डफडं वाजतच होतं. ती आत्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "ओयखलं काय मले?"

"ओयखलं," आत्या म्हणाली.

"मंग पाया नाई पडत?"

"नाई."

वाजवणाऱ्याचा हात थांबला. घोळक्यात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, कोण हाय ते बाई? कोण्या गावची? ती घुमणारी बाई डोलत होती, तिच्या तोंडाला फेस आला होता. "काहून नाई?" तिनं विचारलं, आणि तो आवाज मला कोणा एका बाईचा वाटला नाही.

"आमी सोडलं माय," आत्या म्हणाली. शेजारणीशी बोलावं तशा आवाजात. "पण तू बस. दमली असशील."

तिनं त्या बाईचे खांदे धरले, खाली मातीत बसवलं, स्वतः तिच्यासमोर बसली. तिचे मोकळे केस गोळा करून मागं अंबाडा बांधला. पदरानं तोंड पुसलं. मग आपल्या पिशवीतला पाण्याचा फिरकीचा तांब्या काढून तिच्या ओठाला लावला.

"ए, थांब!" एक माणूस पुढं आला, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. बाईचा दीर होता, हे नंतर कळलं. "कोण व तुमी? कोण्या जातीचे?"

आत्यानं तांब्या हलू दिला नाही. मान वर करून म्हणाली, "आमी बौद्ध."

त्या माणसाचा हात अर्धा उचललेला होता. मॅडम पुढं सरकल्या. मीही. पण तोवर ती बाई प्यायली होती, घटाघटा, हनुवटीवरून पाणी गळत होतं. डोळे खाली आले होते. तिनं आत्याकडं पाहिलं, गोंधळून, झोपेतून उठल्यासारखं, आणि आपल्या साध्या, बारीक आवाजात म्हणाली, "अजून हाय काय?"

आत्यानं तांब्या पुन्हा तिच्या तोंडाला लावला. दिरानं हात खाली घेतला. तो वळून गर्दीत निघून गेला.

परतताना आत्या खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होती. फोडी मला आणि मॅडमला दिल्या. मग म्हणाली, "तिचे हात बर्फासारखे गार होते. माह्येही तसेच होत असतीन. मले कोणी सांगतलंच नाई."

बातमी अकोल्याला पोचायला वेळ लागला नाही. आमचा भातकुलीचा एक नातेवाईक यात्रेत दुकान लावून बसला होता. त्याच आठवड्यात बाबा अमरावतीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कोणाच्या साखरपुड्याला आलेत. विभागासमोरच्या लिंबाखालच्या ओट्यावर आम्ही बसलो. मी ओरडा खायची तयारी करून बसले होते.

"तिले काही झालं काय तिथी?" त्यांनी विचारलं.

"नाई. तिनं त्या बाईले पाणी पाजलं."

"ते समजलं मले." मग म्हणाले, "तुले काय वाटते, मी खिडक्या तिच्यासाठी लावतो?"

उत्तराची वाट न पाहता ते पुढं बोलू लागले.

"माहा बाप वाजवत होता ते. डफडं. गावात लग्न असो, मयत असो, देवीची पालखी असो, याचा हात थांबत नोता. कार्य झालं की मागच्या दारी उभं राहायचं, उरलंसुरलं शियं अन्न पदरात घ्यायचं. मी संगं जावो. ते अन्न मी खाल्लं. दीक्षेच्या दिवशी त्यानं डफडं चुलीत घातलं. चामडं जळलं, त्याचा वास घरभर. सगळे खुश होते. मी रडलो. लहान होतो. सगळ्याइले वाटलं, वासानं डोळ्यात पाणी आलं." बाबांचा आवाज बदलला नव्हता, फक्त ते मध्ये मध्ये थांबत होते. "तो मेला तवा बी मी इतका नाई रडलो. आन् आता कोणी बी वाजवो, कोठी बी वाजवो, मले माह्या बापाचा हात ऐकू येते. त्या वाजवण्याची लाज वाटते मले, आन् ते थांबू नये असंही वाटते. हे मी कोणाले सांगू? विहारात सांगू?"

आम्ही आत कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायलो. जाताना ते म्हणाले, "लिहितं तं हेही लिही. तिचंच एकटीचं नको."

मी लिहिलं. मॅडम म्हणाल्या, नावं बदल, अशी पद्धत असते, माणसांना त्रास होऊ नये म्हणून. मी आत्याला विचारायला घरी गेले. ती म्हणाली, "माहं नाव ठेव. तिच्या नावानं लोक माह्या पाया पडले, माह्या नावानं कोणी पडलं नाई. 'एक बाई' नको लिहू." मॅडमनी ते मान्य केलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे तुम्ही तटस्थपणे पाहिलं आहे असं कसं मानायचं? मी म्हणाले, मी तटस्थ नव्हते, पण मी नीट पाहिलं. त्यांनी पुढचं पान उलटलं.

आत्याला वाचता येत नव्हतं. बाबांनी तिला सगळा प्रबंध वाचून दाखवला, रोज दुपारी थोडा थोडा, सुट्टी टाकून. अवघड शब्द आला की ते थांबून आपल्या बोलीत सांगत. आजोबांचं पान आलं त्या दिवशी मी घरी होते. बाबांनी ते पान एका दमात वाचलं, चष्मा काढला, आणि आत्या भावाकडं अशी पाहू लागली, जणू इतकी वर्षं त्याला पाहिलंच नव्हतं. "तुले बी ऐकू येते?" तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली. एकाच घरात, एकाच आवाजाला इतकी वर्षं दोघं वेगवेगळे घाबरत बसले होते.

मला वाटलं होतं, इथं हे संपेल. सांगून टाकलं की सुटतं, असंच आम्हाला शिकवलं होतं, आणि पुढं अनेक वर्षं मीही मुलांना तसंच शिकवलं.

आत्या शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा मी नोकरी करत होते आणि रजा घेऊन तिच्यापाशी होते. बाबा तोवर गेले होते. एका दुपारी तिला कण्या भरवताना मी सहज विचारलं, "आत्या, ती अजून येते काय गं?"

"नाई," ती म्हणाली. "तुह्या बापानं ते वाचून दाखवलं ना, तवापासून आली नाई."

"बरं वाटते मग?"

तिनं तोंडातला घास गिळला. छपराकडं पाहत राहिली.

"वाटलं पायजे होतं," ती म्हणाली. "घरात तुमी सगळे होते. पण मंग कोणी नाई असंच वाटत राह्यलं पोरी. मी रोज वाट पायली तिची. सोडलेली देवी, आन् मी वाट पायली."

दोन दिवसांनी ती गेली. भंतेजी आले, परित्राण पाठ झाला, तिला हवं होतं तसंच सगळं झालं. राख पूर्णा नदीत सोडताना मी पाण्याकडं फार वेळ पाहत उभी होते. तांदळाही तिनं याच नदीत सोडला होता.

निवृत्त झाले तरी अमरावतीला अधूनमधून एखादा तास घ्यायला बोलावतात. मी 'अंगात येणे' शिकवते. वेगवेगळ्या विद्वानांनी त्याची काय काय कारणं सांगितली ती फळ्यावर लिहिते, आणि त्यांतली बरीचशी मला पटतात. मग मुलांना आत्याचं शेवटच्या आजारातलं ते दुपारचं बोलणं सांगते. मी खडू हातात धरून नुसती उभी राहते, आणि मुलं वह्या मिटायला लागतात. त्यांना वाटतं, तास संपला.